प्राथमिक वर्गातील सहलेखन : हस्तलिखिताचा वाचक आणि वऱ्हाडी मुलांची भाषा

बीजशब्द : सहलेखन, हस्तलिखित, वऱ्हाडी बोली, वाचक, मतभेद, लीळाचरित्र

प्रास्ताविक

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पाहुणा म्हणून जाणाऱ्यास मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटातून निघणारी एक वस्तू बहुधा पाहावीच लागते. ती म्हणजे शाळेचे हस्तलिखित. जाड पुठ्ठ्याचे वेष्टन, त्यावर रंगीत कागदाची नक्षी, आत मुख्याध्यापकांचे मनोगत, अनुक्रमणिका आणि मग पानोपानी मुलांचे साहित्य. एम.फिल.च्या निमित्ताने वऱ्हाडी बोलीचे नमुने गोळा करीत असता अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील अशी काही हस्तलिखिते प्रस्तुत लेखकास पाहावयास मिळाली. मुलांच्या लेखनात तरी बोली जशीच्या तशी उतरली असेल, या आशेने ती उघडली. तेथे बोलीचा एकही शब्द सापडला नाही. त्या निराशेतून हा लेख उद्भवला आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

या हस्तलिखितांत काय असते? ‘माझा आवडता ऋतू’, ‘झाडे लावा, झाडे जगवा’, ‘पाणी हेच जीवन’ असे निबंध असतात; सुविचार, कोडी, सामान्यज्ञानाचे प्रश्न, थोर पुरुषांची चरित्रे असतात. अक्षर अत्यंत सुरेख असते, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते एकाच हाताचे असते. प्रत्येक लेखाखाली मात्र वेगवेगळ्या विद्यार्थ्याचे नाव असते. गावात पऱ्हाटी उभी असते, तुरीला शेंगा धरलेल्या असतात, पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली झडत्या झडलेल्या असतात. यांपैकी काहीही त्या पानांवर येत नाही. प्रजासत्ताकदिनी किंवा स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होते, टाळ्या होतात, आणि हस्तलिखित पुन्हा कपाटात जाते. ते पुढे कोणी वाचते काय, हा प्रश्न विचारणेही अप्रशस्त वाटावे इतके त्याचे स्थान निश्चित झालेले आहे.

समीक्षेच्या दृष्टीने हा एक साहित्यप्रकारच आहे. त्याचे संकेत ठरलेले आहेत, त्याची भाषा ठरलेली आहे. परंतु साहित्यप्रकार म्हटला की त्याचा लेखक कोण व वाचक कोण, हे दोन प्रश्न टाळता येत नाहीत. हस्तलिखिताचा लेखक ‘सर्व विद्यार्थी’ असे सांगितले जाते. म्हणजे हे सहलेखन झाले. प्रस्तुत लेखात ‘सहलेखन’ ही संज्ञा अधिक काटेकोर अर्थाने वापरली आहे : अनेक मुलांनी एका विषयावर एकत्र बसून, बोलून, वाद घालून, खोडून, पुन्हा लिहून सिद्ध केलेला मजकूर म्हणजे सहलेखन. अनेक मुलांचे स्वतंत्र निबंध एका पुठ्ठ्यात बांधणे म्हणजे सहलेखन नव्हे. ते संकलन होय.

वाचक असलेले लेखन

महाराष्ट्रात शालेय हस्तलिखिताचा विषय निघाला की साने गुरुजींचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील वसतिगृहाच्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. एका शिक्षकाने मुलांसाठी रोज वर्तमानपत्र लिहावे, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. या दैनिकाला एक गोष्ट लाभली होती, जी आपल्या कपाटातील हस्तलिखितास लाभत नाही. त्याला रोजचा, वाट पाहणारा वाचक होता. मात्र तेथे लेखणी गुरुजींच्या हाती होती व वाचन मुलांकडे होते. शब्दांचा प्रवाह एकाच दिशेने होता. आपल्याकडे या आदर्शाचे अनुकरण करताना लेखणी नावापुरती मुलांच्या हाती दिली गेली, मजकूर शिक्षकांकडेच राहिला, आणि वाचक तर नाहीसाच झाला.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये सेलेस्तॅं फ्रेने हा प्राथमिक शिक्षक नेमका याच प्रश्नाशी झुंजत होता. पहिल्या महायुद्धात फुप्फुसास जखम झाल्यामुळे त्याला वर्गात दीर्घकाळ मोठ्याने बोलणे शक्य होत नसे. दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या गावी तो मुलांना गावात, शेतात फिरावयास नेई. परत आल्यावर मुले जे पाहिले ते सांगत, त्यातून एक मजकूर फळ्यावर तयार होई, वर्ग तो मिळून सुधारी. १९२०च्या दशकाच्या मध्यास फ्रेनेने एक लहानसा छापखाना वर्गात आणला. मुले शिशाचे खिळे जुळवून आपला मजकूर स्वतः छापू लागली. इथपर्यंतची हकिकत शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडते, व विद्यार्थी ती ‘मुक्त लेखन’ या मथळ्याखाली पाठ करतात.

पाठ्यपुस्तके ज्या गोष्टीवरून घाईने पुढे जातात, ती अशी की, फ्रेनेच्या वर्गाचे छापील कागद थेट दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या समुद्रकाठच्या एका शाळेत जात, आणि तेथील मुलांचे कागद इकडे येत. डोंगरातल्या मुलांना समुद्र माहीत नव्हता, समुद्राकाठच्या मुलांना डोंगरातली शेती माहीत नव्हती. स्वतःच्या गावात जी गोष्ट सांगण्याची गरजच पडत नाही, ती दुसऱ्या मुलाला सांगताना नीट सांगावी लागते. समोरचा विचारतो, ‘म्हणजे काय?’ आणि या ‘म्हणजे काय’मधून वाक्य दुरुस्त होते. व्याकरणाच्या लाल रेघेने होणारी दुरुस्ती आणि वाचकाच्या प्रश्नाने होणारी दुरुस्ती यांत जातीचा फरक आहे. पहिलीत मूल गप्प बसते; दुसरीत त्याला आणखी बोलावे लागते.

इटलीतील उदाहरण अधिक टोकाचे आहे. फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील डोंगरात बार्बियाना नावाच्या वस्तीत लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने नापास ठरवून शाळेबाहेर टाकलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा चालविली. तेथील आठ मुलांनी मिळून लिहिलेले एका शिक्षिकेस उद्देशून असलेले पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने परिचित आहे. या मुलांनी आपली लेखनपद्धतीच त्या पत्रात सांगून टाकली आहे. प्रत्येकाने सुचेल ते सुट्या चिठ्ठीवर टिपायचे; सर्व चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर मांडायच्या; सारख्या असतील त्या बाजूला काढायच्या; उरलेल्यांचे गट करायचे, गटांतून प्रकरणे करायची; मग एकेक वाक्य घेऊन त्यातला अनावश्यक शब्द काढून टाकायचा; आणि शेवटी ज्यांचा या मजकुराशी काही संबंध नाही अशा बाहेरच्या माणसांकडून वाचून घ्यायचे. या पद्धतीमागे मारिओ लोदी या प्राथमिक शिक्षकाशी १९६३ मध्ये झालेला संपर्क होता. व्हो या खेड्यातील लोदीच्या वर्गातील लहान मुलांशी बार्बियानाच्या मुलांनी पत्रव्यवहार केला. म्हणजे येथेही आरंभ पत्रानेच झाला आहे, आणि वाचक आधी होता.

‘प्रिय बाई’ या पुस्तकावर एक आक्षेप इटलीत वारंवार घेण्यात आला. हे लेखन मुलांचे की मिलानींचे? आक्षेप निराधार म्हणता येत नाही. इतकी धारदार, इतकी एकसंध शैली आठ मुलांची सहज होत नाही. परंतु मला दुसरीच एक गोष्ट अधिक खटकते. चिठ्ठ्यांच्या त्या टेबलावर वाक्ये गाळली जात होती, तेव्हा कोणाची वाक्ये गाळली गेली? पुस्तकात आठ मुलांचा एकच आवाज ऐकू येतो. त्या आवाजात त्या मुलांचे आपापसांतले मतभेद कोठे गेले? फ्रेनेच्या वर्गातही कोणता मजकूर छापावयाचा हे मुलांच्या मतदानाने ठरे. मतदान ही लोकशाहीची रीत खरी, पण ज्याच्या घरची गोष्ट वर्गातल्या इतर मुलांना ठाऊकच नाही, त्याला मते कोठून मिळणार? सहलेखनाचा गौरव करणारे बहुतेक अभ्यासक या प्रश्नापाशी थांबत नाहीत.

रिद्धपूरचा दाखला

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, सुमारे सातशे चाळीस वर्षांपूर्वी दिले गेले आहे. प्राध्यापकमित्रांना वेगळे सांगावयास नको की, रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळांचे संकलन केले. मराठी भाषा विद्यापीठ तेथे स्थापन झाल्यापासून रिद्धपूरचा उल्लेख प्रत्येक व्यासपीठावर होतो. त्या उल्लेखांत लीळाचरित्र हा ‘मराठीतला आद्य गद्यग्रंथ’ असतो. तो एक सहलेखनाचाही ग्रंथ आहे, हे मात्र क्वचितच म्हटले जाते. म्हाइंभटांनी आपल्या मनाने लीळा लिहिल्या नाहीत. नागदेवाचार्यांकडून, इतर भक्तांकडून, ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून आठवणी मिळविल्या, त्यांच्याकडे जाऊन विचारपूस केली, पडताळून पाहिल्या. आणि दोन सांगणाऱ्यांच्या आठवणीत फरक पडला तर? महानुभाव परंपरेत असे भेद पुसून टाकलेले नाहीत. एखाद्या लीळेविषयी निराळ्या व्यक्तीची निराळी आठवण ‘वासना’ या नावाने नोंदली गेली. मुख्य पाठ आहे, आणि त्याच्या अंगाला अमक्याची वासना अशी आहे हेही आहे.

पोथीच्या संदर्भात हा पाठचिकित्सेचा विषय होतो. प्राथमिक वर्गात तो अध्यापनाचा विषय होऊ शकेल, असे मला वाटते. तेराव्या शतकातील संप्रदायाच्या श्रद्धेच्या ग्रंथाची तुलना चौथीच्या मुलांच्या वहीशी करणे धाडसाचे आहे, याची जाणीव आहे. परंतु येथे तुलना ग्रंथांची नसून रीतीची आहे. एकमत होत नाही म्हणून मजकूर अडत नाही, आणि मजकूर पुरा व्हावा म्हणून कोणाची आठवण खोटी ठरवावी लागत नाही, ही ती रीत.

आणि वऱ्हाडच्या मुलांना, विशेषतः मुलींना, मिळून रचना करणे काही नवीन नाही. भाद्रपदापासून कोजागरीपर्यंत भुलाबाईपुढे गाणी म्हणताना गाण्यात घराघरांतली नावे बदलत जातात, एकीची ओळ दुसरी उचलते, आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ रंगतो. लिहावयास येण्यापूर्वीच सहरचनेची सवय असलेली ही मुले शाळेत आली की एकेकटी होतात.

भाषा कोणाची?

दर्यापूर तालुक्यातील एका शाळेत, परिचित शिक्षकांच्या वर्गात, तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर काही दिवस बसण्याची संधी मिळाली. शाळा द्विशिक्षकी, म्हणून दोन इयत्ता एकाच खोलीत. विषय मुलांनीच काढला : पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला व बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असते, हे भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत येते. मुलांनी सांगितलेली वाक्ये मी जशीच्या तशी उतरून घेतली : ‘इहिरीचं पानी खारं हाये. ढोरं बी पेत नाही. त्या पान्यात दाय शिजत नाही. मायले दुरून पानी आना लागते.’

चार वाक्ये. प्रत्येकात एक माहिती आहे, आणि क्रम असा आहे की एखाद्या जाणत्या लेखकानेही तो बदलू नये : पाणी, जनावर, चूल, आई. याच शाळेच्या आदल्या वर्षीच्या हस्तलिखितात पाण्यावर निबंध होता. त्यात पाणी हे जीवन होते, त्याचा अपव्यय टाळावयाचा होता, आणि नळ बंद करावयास विसरू नये असा उपदेश होता. ज्या घरांत नळ नाही, त्या घरांतल्या मुलांच्या नावावर तो उपदेश छापलेला होता! निबंध शुद्ध होता. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले नव्हते.

आता प्रश्न असा की, वरील चार वाक्ये शुद्ध करावयाची काय? ‘पानी’चे ‘पाणी’, ‘दाय’चे ‘डाळ’, ‘माय’ची ‘आई’, ‘मायले’चे ‘आईला’? हा प्रश्न हळवेपणाने सोडवता येत नाही. प्रमाण मराठी शिकविणे हे शाळेचे काम आहेच. ते नाकारले तर नुकसान याच मुलांचे होते, शहरातल्या मुलांचे होत नाही. परंतु लेखनातील चूक आणि बोलीचे रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिक्षकाच्या लाल शाईला हा फरक कळत नाही. ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाने ऐकले ते बरोबर लिहिले आहे. वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’ होतो, हा नियम आहे. त्यात ढिसाळपणा नाही. जे मूल नियमाने ‘दाय’, ‘डोया’, ‘शाया’ लिहिते, त्याचा कान पक्का आहे. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेचे काम उभे करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी त्या गावच्या बोलण्यातील भेदांवर आपला भाषावैज्ञानिक प्रबंध लिहिला होता, हा योगायोग नव्हे. घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर मोजल्याशिवाय वाचन-लेखन शिकविता येत नाही, हे ज्याला कळले त्यालाच ते अंतर ओलांडता येते. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात १९८५ पासून लीला पाटील यांनी मुलांच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला जे स्थान दिले, त्यामागेही हाच विचार होता.

वऱ्हाडात या बाबतीत एक विसंगती आहे. विठ्ठल वाघ यांच्यासारख्या कवींमुळे वऱ्हाडी कविता मराठी साहित्यात सन्मानाने वावरते. संमेलनाच्या मंचावर ती ऐकून प्राध्यापक, अधिकारी, पुढारी सारेच माना डोलावतात. तीच बोली दुसऱ्या दिवशी चौथीच्या वहीत आली की तिच्यावर फुली पडते. कवीच्या तोंडी जी बोली ‘मातीचा गंध’ ठरते, ती मुलाच्या हातून आली की अज्ञान ठरते.

त्या वर्गात आम्ही एक तोडगा काढला. तो माझा नाही, एका मुलीचा आहे. ती म्हणाली, ‘सर, बोललो तसं एका रंगानं लिवू, अन् पुस्तकातलं दुसऱ्या रंगानं.’ निळ्या शाईत बोललेले वाक्य, त्याखाली काळ्या शाईत प्रमाण मराठी. मुलांनी स्वतःच भाषांतर केले, आणि भाषांतर करताना ‘मायले दुरून पानी आना लागते’ या वाक्यापाशी ती अडली. ‘आईला दुरून पाणी आणावे लागते’ हे बरोबर आहे, पण ‘आईला’ म्हटले की ‘माय दिसत नाही’ असे दोघांचे म्हणणे पडले. शेवटी काळ्या शाईतही ‘मायला’ असेच राहिले. प्रमाणभाषेच्या व्याकरणाशी मुलांनी केलेली ही पहिली वाटाघाट होती. व्याकरण शिकविण्याचा याहून चांगला तास मी अद्याप पाहिलेला नाही, माझ्या स्वतःच्या पदवी वर्गांतही.

दाय शिजते की नाही

खरी अडचण पुढे आली. ‘दाय शिजत नाही’ या वाक्यावर मागच्या रांगेतून एक मुलगा उठला. ‘आमची तं शिजते.’ वर्ग हसला. कोणी त्याला खोटे ठरविले. शिक्षकांनीही सवयीने विचारले, ‘सगळे म्हणतात शिजत नाही, मग तुझीच कशी शिजते?’ बोलता बोलता उलगडा झाला. त्याच्या भागात योजनेच्या नळाचे पाणी येते. उरलेल्या बहुतेकांच्या भागात ते येत नाही, किंवा आले तरी दोन-चार दिवसांआड येते. म्हणजे मतभेद डाळीविषयी नव्हताच. एका गावात दोन पाणी होती.

मतदान घेतले असते तर त्या मुलाचे वाक्य गळाले असते. तो बहुमताविरुद्ध होता. पण त्या वाक्याबरोबर गावातील सर्वांत महत्त्वाची गोष्टही गळाली असती. दुसऱ्या एखाद्या गावात परिस्थिती नेमकी उलट असेल. तेथे नळ बहुसंख्यांकडे असेल आणि खारी विहीर एखाद्या वस्तीच्या वाट्याला आली असेल. तेथे मतदानात कोण गळेल, हे सांगावयास समाजशास्त्राचा प्राध्यापक लागत नाही. सहलेखन हे ‘सर्वांचे’ म्हणून आपोआप न्याय्य होते, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. एका हाताने लिहिलेल्या हस्तलिखितात निदान हात कोणाचा ते कळते. ‘आम्ही सर्व’ या कर्त्याआड कोण लपले आणि कोण वगळले गेले, ते कळत नाही.

तेव्हा फळ्यावर मजकुराच्या बाजूला रेघ ओढून ते वाक्य मुलाच्या नावासह लिहिले गेले. ‘वासना’ हा शब्द मी मुलांना सांगितला नाही. आजच्या मराठीत त्याला भलताच अर्थ चिकटला आहे, आणि वर्गात भलतेच हसू झाले असते. शिक्षकांनी त्या जागेला ‘माझं वेगळं’ असे नाव दिले. पुढील दोन दिवसांत त्या रेघेपलीकडे आणखी तीन वाक्ये जमा झाली.

मूल्यमापनाचा खाना

शिक्षकांना दोष देऊन हा विषय संपत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात आकारिक मूल्यमापनाची आठ साधनतंत्रे दिली होती : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि आठवे ‘इतर’. गटकार्य या आठव्यात बसविलेले होते. योजना उदार होती, पण नोंदवही शेवटी प्रत्येक मुलाच्या नावासमोर स्वतंत्र गुण मागत होती. मिळून लिहिलेल्या चार वाक्यांतले अर्धे वाक्य कोणाचे, हे ठरवून गुण देणे शक्य नाही; म्हणून ज्याचे गुण देता येतात तेच लिहून घेतले जाते. १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्यात जी शिक्षण परिषद भरली, तिने मातृभाषा आणि मिळून केलेले उत्पादक काम यांवर प्राथमिक शिक्षण उभे करावयाचे ठरविले होते. त्या योजनेतही परीक्षा कोणत्या रीतीने घ्यावयाची, हा प्रश्न नेहमी अवघडच राहिला. मिळून केलेल्या कामाला एकट्याचे माप लावणे, हा त्यातला पेच आजही सुटलेला नाही.

भिंतीवरून पडद्यावर

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. आता हस्तलिखिताचे दिवस गेले. शाळांचे ब्लॉग आहेत, व्हॉट्सअ‍ॅपचे गट आहेत, मुलांचे लेखन एका क्षणात जगापुढे ठेवता येते, मग कागद आणि पत्रे यांचे एवढे कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. वाचकाचा अभाव हाच हस्तलिखिताचा मूळ दोष असेल, तर वर्गाचा सामूहिक ब्लॉग हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय ठरावयास हवा. एका शाळेने लिहावे, दुसऱ्या शाळेने खाली उत्तर लिहावे. फ्रेनेला ज्यासाठी टपाल लागत असे ते एका तासात व्हावे.

प्रत्यक्षात जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी चालविलेले जे ब्लॉग मी पाहिले, ते बहुतांशी शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिलेले आहेत. शासन निर्णय, प्रश्नपेढ्या, नमुने, उपक्रमांची छायाचित्रे. त्यांची उपयुक्तता मोठी आहे. मुलांचे लेखन तेथे आले की ते टंकलिखित होऊन येते, आणि टंकलेखन शिक्षक करतात. म्हणजे सुरेख अक्षराच्या विद्यार्थिनीची जागा कळफलकाने घेतली. हात पुन्हा एकच. टंकताना ‘पानी’चे ‘पाणी’ होते, आणि या वेळी तर खोडल्याची खूणही राहत नाही. वहीत लाल रेघेखाली मुलाचा मूळ शब्द निदान वाचता येत होता.

दुसरा मुद्दा वाचकाचा. पडद्यावर वाचक पुष्कळ मिळतात, पण अंगठा दाखविणे म्हणजे उत्तर नव्हे. मुलाच्या मजकुराखाली ‘खूप छान’, ‘अभिनंदन’, हात जोडल्याचे चित्र अशी वीस उत्तरे आली तरी त्यांतले एकही त्याला ‘म्हणजे काय?’ असे विचारीत नाही. हे पुन्हा प्रकाशन समारंभातील टाळ्यांसारखेच झाले. तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. गावातल्या पाण्याविषयी, म्हणजेच गावातल्या भेदाविषयी, नऊ वर्षांच्या मुलाने लिहिलेले वाक्य त्याच्या नावासह सर्वांना दिसेल असे ठेवावयाचे काय? २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायद्याची गोष्ट सोडली तरी, ‘माझं वेगळं’ म्हणण्याचे धैर्य ज्या मुलाने चार भिंतींत दाखविले, त्याला ते गावाच्या चव्हाट्यावर निभावता येईलच असे नाही. ओळखीच्या वाचकापुढे लिहिणे आणि अनोळखी गर्दीपुढे लिहिणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माध्यम कोणतेही असो, प्राथमिक वर्गाला यांतला पहिला वाचक हवा आहे.

दर्यापूर तालुक्यातील त्या वर्गाचा मजकूर आम्ही धारणी तालुक्यातील एका शाळेत पाठविला. वर्गात टांगलेल्या मोठ्या कागदाची ती नक्कल होती : निळी शाई, काळी शाई, आणि रेघेपलीकडची चार वाक्ये. मेळघाटातील त्या वर्गात बहुतेक मुलांची घरची भाषा कोरकू. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. तिचा मराठीशी वऱ्हाडीइतकाही संबंध नाही. त्या मुलांच्या दृष्टीने निळी शाई आणि काळी शाई दोन्ही परक्याच. उत्तर येईल की नाही याची शंका होती.

उत्तर तीन आठवड्यांनी आले. त्यांनीही दोन रंग वापरले होते. एका रंगात कोरकू, देवनागरीत, आणि दुसऱ्यात मराठी. आमच्या मुलांनी आधी कोरकूच्या ओळी मोठ्याने वाचून पाहिल्या. खाली मराठीत दोन प्रश्न होते. पहिला, डाळ शिजत नाही तर तुम्ही काय खाता? दुसरा, ज्याच्या घरी शिजते त्याच्याकडून तुम्ही पाणी का आणत नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्गाने मिळून, हसत-खिदळत, अर्ध्या तासात लिहिले. दुसऱ्या प्रश्नावर खोलीत शांतता पसरली. शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले, मी खिडकीबाहेर पाहिले. मग मागच्या रांगेतला तो मुलगा म्हणाला की याचे उत्तर तो वेगळे लिहील. आणि खिडकीजवळच्या तीन मुली म्हणाल्या की त्याही वेगळे लिहितील. दोन्ही उत्तरे एकाच पाकिटात घालून पाठविली.